घर आपलंच समजल्याबाबत

प्रति,
मा. वसाहत अधिकारी साहेब,
कामगार वसाहत कार्यालय,
पाण्याच्या टाकीखालची खोली.

विषय : इमारत क्रमांक दोनमधील घड्याळवाले काका व काकू यांचा खोली सोडण्याचा अर्ज नामंजूर करणेबाबत, तसेच कोणीतरी एकदा तोंडावर 'नाही' म्हणणेबाबत.

संदर्भ : (१) घड्याळवाले यांचा अर्ज, सध्या आपल्या टेबलावर.
(२) आपल्या शिपायाने जिन्यात अर्जदारास तोंडी दिलेली माहिती : "सोमवारी साहेबांची सही झाली, की खोली दुसऱ्याला."

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निवेदन करण्यात येते की, अर्जात 'मी, माझे' असे लिहू नये अशी सूचना आपल्या कार्यालयाच्या खिडकीवर चिकटवलेली असल्याने खाली सर्वत्र 'अर्जदार' असे लिहिले आहे. तरी जिथे जिथे अर्जदार घाबरली असे येईल, तिथे ती खरोखरच घाबरली आहे असे वाचावे.

१. अर्जदार ही इमारत क्रमांक दोनमध्ये आपल्या आईसह राहते, दिवसा चष्म्याच्या दुकानात मदतनीस म्हणून काम करते आणि बाहेरून समाजशास्त्राची परीक्षा देत आहे. 'संस्कृती आणि रोजचे वागणे' हा विषय शिकवणाऱ्या मॅडमनी रविवारच्या वर्गात सांगितले की संस्कृती ही काचेच्या कपाटात ठेवलेली वस्तू नसते. दारातून आधी कोणी जायचे, रांगेत किती अंतर सोडायचे, ताटलीतले शेवटचे बिस्कीट कोणी उचलायचे नाही, यात ती असते. हे नियम कोणी लिहिलेले नाहीत आणि मोडतही कोणी नाही. असा एखादा नियम दिसायला हवा असेल तर तो हलक्या हाताने मोडावा आणि लोक काय करतात ते पाहावे. पुढे मॅडम असेही म्हणाल्या, की "समोरचा अवघडला की तिथल्या तिथे थांबायचं आणि खरं काय ते सांगून टाकायचं." हे दुसरे वाक्य बोलले जात असताना अर्जदार पहिलेच वाक्य लिहून घेत होती.

२. साहेब जाणतातच, की आपल्या वसाहतीत दार उघडणारा प्रत्येकजण "या, आपलंच घर समजा" असे म्हणतो. हे मीटर तपासायला आलेल्या माणसालाही म्हटले जाते. येणाऱ्याने मात्र तसे समजायचे नसते. त्याने खुर्चीच्या कडेवर टेकायचे, चहाला दोनदा नको म्हणायचे, तिसऱ्यांदा अर्धा कप घ्यायचा आणि "बरं, निघते आता" म्हणून उठायचे. हे लहान मुलालाही कळते. अर्जदाराने ठरवले, की एका घरी जाऊन ते खरोखर आपलेच समजायचे आणि घरचे लोक कुठल्या पायरीवर अडवतात तेवढे टिपायचे. समोरच्याच खोलीतले घड्याळवाले काका-काकू त्यासाठी निवडले. स्वभावाने गरीब, मूलबाळ नाही, आणि अर्जदाराच्या आईशी वाटीभर साखरेची देवघेव जुनी. अर्जदाराचा अंदाज असा होता, की खिडकीजवळच्या हाताच्या खुर्चीत ती बसली की काका म्हणतील, "अगं, तिथे मी बसतो," सगळे हसतील आणि प्रयोग संपेल.

३. काका तसे म्हणाले नाहीत. त्या खुर्चीवर एक चपटी झालेली उशी आहे, तिला काकांच्या पाठीचा आकार आला आहे. अर्जदार त्या उशीला टेकून बसली. काकांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, थोडे हसले आणि स्टुलावर जाऊन बसले. अर्जदाराने न विचारता चहा टाकला, तर काकू म्हणाल्या, "साखर वरच्या फळीवर आहे गं." पुढच्या खेपेस तिने पलंग सरकवला, त्या पुढच्या खेपेस कपाट उघडून चादर घेतली आणि दुपारची झोपली. दर वेळी दोघे म्हणत, "घर तुझंच आहे." अर्जदाराने टिपणात लिहिले, 'घरच्यांकडून पूर्ण स्वीकार.' आता तो शब्द तिला वाचवत नाही.

४. इथून भीतीचा भाग सुरू होतो. काकांच्या घरी दुरुस्तीला आलेली घड्याळे भिंतभर टांगलेली असतात आणि सगळी वेगवेगळी वाजतात. तिथे झोप लागणे म्हणजे पत्र्यावर गारा पडताना झोपण्यासारखे. तरी त्या दुपारी अर्जदारास गाढ झोप लागली आणि जाग आली तेव्हा खोलीत काहीच वाजत नव्हते. अर्जदार घाबरली. काकांनी सगळे लंबक हाताने थांबवले होते. ज्या माणसाने जन्मभर बंद घड्याळे चालू केली त्याने तिच्या झोपेसाठी चालू घड्याळे बंद केली होती. स्वयंपाकघरात दोघे जमिनीवर बसून कुजबुजत होते. काका म्हणाले, "पण मग आपण कुठे जायचं?" काकू म्हणाल्या, "हळू बोला, उठेल ती. एवढ्या हक्काने येते, तिला तोंडावर नाही कसं म्हणायचं?" अर्जदार चपला हातात घेऊन बाहेर पडली आणि पुन्हा तिकडे गेली नाही.

५. न जाण्याने प्रकरण अधिकच चिघळले. काकू दारात आल्या. "रागावलीस का गं? आम्ही दोघं सारखी घरात असतो, तुला मोकळेपणा मिळत नाही, कळतं मला," असे म्हणून त्यांनी घरची किल्ली अर्जदाराच्या मुठीत कोंबली. अर्जदाराने तेव्हा धीर करून खरे सांगितले, "काकू, तो नुसता अभ्यास होता हो." काकू म्हणाल्या, "तेच तर मी यांना म्हणत होते. अभ्यासाला शांत जागा हवीच." त्याच आठवड्यात काकांचा अर्ज आपल्या कार्यालयात दाखल झाला. त्यात कारण म्हणून 'खोली घरच्याच मुलीस लागत असल्याने' असे लिहिल्याचे शिपायाकडून कळते. खोली एकदा सोडली की रांगेतल्या पुढच्या माणसाला जाते, घरच्या मुलीला नाही, हे त्या दोघांना ठाऊक नाही. त्यांना हे सांगायला गेलेली अर्जदाराची आई ("मी बघते, मला कसली आलीय भीड!") तासाभराने स्वतःचे मनगटी घड्याळ फुकट दुरुस्त करून घेऊन परत आली. सांगायचे राहूनच गेले, म्हणाली. मग मॅडमना बोलावले. त्या कडक आहेत, वर्गात कोणाची गय करत नाहीत. त्या गेल्या, कडेवर टेकल्या, अर्धा कप चहा घेतला आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "फार गोड माणसं आहेत गं." जिन्याच्या वळणावर त्यांना कळले, की सांगायचे त्यांचेही राहूनच गेले. त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या, पण परत वर गेल्या नाहीत. ज्यांनी हा विषय शिकवला त्यांचीच ही गत पाहून अर्जदाराचा उरलासुरला आधार सुटला.

६. आज सकाळी बेल वाजली. दारात काका-काकू, दोन पिशव्या आणि चादरीत गुंडाळलेले भिंतीवरचे मोठे घड्याळ. परगावी भाच्याकडे निघालो, म्हणाले. भाच्याचे घर लहान आहे, पण "दोन म्हाताऱ्यांना कितीशी जागा लागते?" उशी काकांनी अर्जदाराच्या हातात दिली. "तुझ्या पाठीला सवय झाली असेल," म्हणाले. त्या क्षणी अर्जदाराने 'काका, जाऊ नका, मी चुकले' असे म्हणायला हवे होते. तिने तोंड उघडले आणि त्यातून बाहेर पडले, "या काका, या काकू, आपलंच घर समजा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि आत आले.

७. काका अर्जदाराच्या आईच्या खुर्चीत बसले. काकू थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून विचारले, "साखर वरच्या फळीवरच ना?" अर्जदार पुन्हा घाबरली. आई हसतमुखाने स्टुलावर बसली. काकूंनी पुढे केलेल्या, आईच्याच घरच्या चहाला दोनदा नको म्हणाली, तिसऱ्यांदा अर्धा कप घेतला आणि, साहेब, अर्जदार शपथेवर लिहिते, स्वतःच्या घरातून "बरं, निघते मी" म्हणून उठली. ती आता वरच्या मजल्यावरच्या एका शेजारणीकडे आहे. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण अर्जदारास लहानपणापासून ऐकवणारी बाई हीच.

८. हे दोघे सूड घेत आहेत का, असे अर्जदारास आधी वाटले. तसे असते तर ती इतकी घाबरली नसती. पण काकूंनी साखरेचा डबा उघडला तो आधी दाराकडे बघून. काका खुर्चीत बसले आहेत ते कडेवर. त्यांना वाटते, इतक्या प्रेमाने घर दिलेल्या मुलीला नाही म्हटले तर ती दुखावेल. त्यांना आपल्या घरी जायचे आहे आणि कोणी जा म्हणत नाही म्हणून जाता येत नाही. समोरची त्यांची खोली कुलूपबंद आहे, तिची किल्ली अर्जदाराच्या मुठीत आहे, आणि अर्जदार दोन्ही दारांच्या मधल्या जिन्यात बसून हा अर्ज लिहीत आहे. आतून हातोडीचा आवाज आला, म्हणजे मोठे घड्याळ भिंतीवर लागले असावे. परीक्षेत अर्जदारास यावर नक्की चांगले गुण पडतील आणि त्या विचाराचीही तिला भीती वाटते.

सबब अर्जदाराची विनंती पुढीलप्रमाणे आहे.

सोमवारी घड्याळवाले यांच्या अर्जावर सही करू नये. कारण देण्याची गरज नाही, आपण एरवीही देत नाही. हे टोचून लिहिलेले नाही. आपण नाही म्हणण्यासाठी अख्ख्या वसाहतीत प्रसिद्ध आहात. अर्जदाराच्या आईला नळाच्या साध्या चकतीसाठी आपण इतक्या वेळा नाही म्हटले, की ती आपले नाव घेताना डोक्यावर हात मारते. आजवर त्या 'नाही'चा राग आला. आज वसाहतीत तो शब्द उच्चारू शकणारे आपण एकटेच आहात असे दिसते आणि सगळी आशा आपल्यावर आहे.

तसेच आपण समक्ष येऊन, आपल्या नेहमीच्या चढ्या आवाजात, काका-काकूंना 'आपल्या घरी जा' असे सांगावे. त्यांना वाईट वाटेल. वाटू द्यावे. समोरच्या दारात किल्ली फिरली आणि भिंतीवरची घड्याळे पुन्हा एकमेकांशी भांडू लागली, की ते पुसले जाईल असे अर्जदारास वाटते.

शेवटची विनंती सर्वात तातडीची आहे. आपण याल तेव्हा दार अर्जदारच उघडेल. ती कितीही ठरवो, ओठ घट्ट मिटून उभी राहो, आपल्याला पाहताच तिच्या तोंडून "या साहेब, आपलंच घर समजा" हे निघणारच. ते कृपया खरे मानू नये. चहा विचारला जाईल, तो पहिल्यांदाच नको म्हणावा आणि तसेच म्हणत राहावे. आत पाऊल टाकू नये. साहेब, आपणही आत येऊन बसलात, तर मग या इमारतीत कोणालाच घर उरणार नाही.

आपली आज्ञाधारक, स्वतःच्या दाराबाहेर बसलेली,

(सही)
अर्जदार
इमारत क्रमांक दोन, दुसरा मजला, जिना
शनिवार, दुपार

सोबत :
१. मॅडमच्या वर्गातील टिपणाची प्रत. राहून गेलेले दुसरे वाक्य अर्जदाराने आता लिहून त्याखाली रेघ मारली आहे.
२. समोरच्या खोलीची किल्ली, पाकिटात.
३. खुर्चीची उशी, एक, दोरीने बांधून. ही घड्याळवाले काकांची आहे. आपल्या कार्यालयात तिला कोणीही टेकून बसू नये.