सोनाराच्या ओटीची माती

रविवार पेठ, पुणे
३ फेब्रुवारी १९६३

चि. यज्ञेश्वरास मथुरा आजीचे अ. उ. आशीर्वाद.

मी जिवंत आहे. बाकीच्यांचं ऐक. समोरचा गोपाळकृष्ण सोनार परवा दागिने उजळायचं तेजाब प्यायला. ओरडत बाहेर आला तेव्हा हनुवटीची कातडी सुटलेली. बाकीच्या बायका रडत उभ्या. मी आणि तुझ्या आईनं त्याला टांग्यात घातला. इस्पितळाच्या दारात संपला. चौदा कॅरटच्या वर दागिना घडवायचा नाही, असा हुकूम ज्यानं काढला त्यानं ती हनुवटी एकदा बघायला हवी होती.

तुझा बाप अनंता विझलेल्या शेगडीपुढे बसून असतो. हुकमाप्रमाणे चौदा कॅरटची बांगडी करून बघितली, तर ठोकतानाच तडकली. त्यानं ती भिंतीवर भिरकावली. म्हणाला, हे सोनं नव्हे, सोन्याच्या तेराव्याला आलेलं पितळ.

तुझ्या शरूकाकाचं तिसरंच. त्याला उभ्या जन्मात फुंकणी फुंकण्यापलीकडे काही आलं नाही, पण अक्कल सांगतो. तुझ्या पणज्यापासून ओटीवर काम चाललंय, कानशीनं घासलेल्या सोन्याचा कीस जमिनीत मुरलाय. ओटी खणू, झारेकऱ्याकडून माती धुऊन त्यातलं सोनं काढून घेऊ आणि कोथरुडात किराणा टाकू, म्हणतो. अनंता म्हणतो, ओटीला हात लावलास तर तो हात जागेवर राहणार नाही. एका ताटात जेवलेले भाऊ, आता पाठीला पाठ लावून जेवतात.

आणि तू मुंबईला सरकारच्या पैशाच्या खात्यात कारकून! सोनाराच्या पोरानं सोन्याच्याच मुळावर उठावं! आमच्या बांगड्यांनी तुझ्या साहेबाचं काय घोडं मारलंय, ते मला समजेल असं लिही. माझी मजल अक्षरं लावण्यापुरती, म्हणून मी सांगते ते तुझी आई लिहिते आणि तुझं पत्र शरू वाचून दाखवतो. तेव्हा इंग्रजी झाडू नकोस.

लोभ असू दे. नसला तर निदान उत्तर असू दे.
तुझी आजी

मुंबई
१४ फेब्रुवारी १९६३

ती. गं. भा. आजीस यज्ञेश्वरचा शि. सा. न. वि. वि.

गोपाळकृष्णकाकांचं वाचून जेवण गेलं नाही.

तू विचारलंस म्हणून सांगतो. मोठ्या राष्ट्रांनी आपसांत ठरवून सोन्याचा भाव डॉलरला बांधून ठेवला आहे. त्यामुळे बाहेर सोनं आपल्या जवळजवळ निम्म्या भावात मिळतं. आपल्याकडे आणायला बंदी, आणि लग्नं तर थांबत नाहीत. म्हणून ते चोरून गलबतांतून येतं. त्याचे पैसे मात्र परदेशी चलनात चुकते होतात. चीनच्या लढाईनंतर तोफा, तेल, यंत्रं, सगळ्यांना तेच चलन लागतं आणि तिजोरीत ते उरलेलं नाही. लोकांची सोन्याची हौस मोडावी म्हणून हा हुकूम. साहेब म्हणतात, थोडं सोसावं लागेल. ते स्वतः अंगठी घालत नाहीत.

एक जपा. दागिना नसलेलं सोनं, म्हणजे लगड, तुकडे, कीस, जे असेल ते मुदतीत जाहीर करावं लागतं. नाहीतर जप्ती आणि तुरुंग. ओटीतल्या मातीची काळजी नको, ती कुणी मोजत नाही. बाबांसाठी इथं घड्याळाच्या कारखान्यात शब्द टाकला आहे.

तुझ्या शिव्यांसह कृपा असावी.
यज्ञेश्वर

पुणे
९ मार्च १९६३

चि. यज्ञेश्वरास आशीर्वाद.

तुझं पत्र शरूनं मोठ्यानं वाचलं. कीस जाहीर करा, नाहीतर जप्ती आणि तुरुंग, इथवर आला आणि उरलेलं टाकून उठला. म्हणे, सरकार ओटी खणून नेणार, त्याआधी आपण खणू. मातीची काळजी नको, ही पुढची ओळ मला तुझ्या आईनं दुसऱ्या दिवशी वाचून दाखवली. तोवर व्हायचं ते झालं होतं.

मी म्हटलं, मेल्या, सरकारला काय झारेकऱ्याचे डोळे आहेत? पण त्यानं पहार आणली होती. अनंता आडवा झाला. खरोखरच जमिनीवर पालथा, उजवा हात मातीवर पसरून. म्हणाला, माझ्या बापाचा घाम आहे यात, घाल पहार. आणि शरूनं घातली. मुद्दाम की रागाच्या भरात, मला विचारू नकोस. मी तिथंच होते आणि मलाही माहीत नाही. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. मग अनंतानं डाव्या हातानं हातोडी उचलली आणि शरूच्या कानशिलात हाणली. भिंतीवर रक्त उडालं. दाराशी सगळी आळी जमली. बघायला सगळे, सोडवायला कुणी नाही. शेवटी संडशी घेऊन मीच दोघांना बडवलं, हातातलं सुटेपर्यंत.

पोलीस आले. मी सांगितलं, माळ्यावरून पडले. हवालदारानं विचारलं, दोघंही? म्हटलं, भाऊ आहेत, सगळं मिळून करतात.

शरूचा डावा कान आहे जागेवर, पण ऐकत नाही. अनंताचं मनगट बसेल, बोटं मिटणार नाहीत, असं हाडवैद्य म्हणतो. ओटीची माती मी झारेकऱ्याला देऊन टाकली. वैद्याचं त्यातच भागलं. तुझ्या घड्याळवाल्याला कळव, एका हाताचा माणूस घेतात का.

रागावले आहे. तरी आशीर्वाद घे.
आजी

मुंबई
२८ सप्टेंबर १९६३

ती. आजीस शि. सा. न.

इतके महिने लिहायचं धाडस झालं नाही. आज कारण आहे. हुकूम सैल झाला. गिऱ्हाइकाचा जुना दागिना मोडून पुन्हा बावीस कॅरटचाच घडवून देता येईल. साहेब म्हणाले, आपला अंदाज चुकला, चोरटं सोनं काही थांबलं नाही. बाबांना सांग, शेगडी पेटवा. बोटं आता थोडी मिटत असतील ना? काका कसा आहे?

माया पातळ झाली असेल तर समजेन.
यज्ञेश्वर

पुणे
२० ऑक्टोबर १९६३

चि. यज्ञेश्वरास आशीर्वाद.

तुझा साहेब चुकला आणि त्यानं कागद बदलला, छान झालं. म्हणावं, असाच एक कागद अनंताच्या बोटांसाठीही काढा. नाही मिटत. भात तुझी आई भरवते आणि तो तिच्यावर खेकसतो.

हुकूम सैल झाल्याचं ऐकून सदाशिव पेठेतली एक बाई पाटल्या मोडून गोठ करायला आली. अनंतानं सांगितलं, हात गेला. बाई उठली; मी तिला पुन्हा बसवली. आतून शरूला गचांडी धरून आणला, ऐरणीपुढे ढकलला आणि त्याच्या चांगल्या कानाशी अनंताला बसवला. म्हटलं, एकाला हात नाही, एकाला अक्कल नाही. दोघांचा मिळून एक सोनार होतो का बघा, नाहीतर दोघंही माझ्या घरातून चालते व्हा.

झालं सुरू. बोलत नाहीत एकमेकांशी. हळू, जोरात, फिरव, गाढवा, एवढंच. काल शरूनं गोठ वाकडा ठोकला. अनंतानं डाव्या हातानं त्याच्या थोबाडीत दिली, चांगली सणसणीत. शरूनं हातोडी वर उचलली. तुझी आई चुलीपाशी ओरडली. अनंता हलला नाही, त्याच्याकडे बघत राहिला.

शरूनं हातोडी गोठावर हाणली. बरोबर बसली.

बाई आज गोठ घेऊन गेली. दिवाळीला ये, साहेबाला आणू नकोस. माया आहे तेवढी आहे, मोजत बसू नये.

तुझी आजी
मथुरा