दिव्यांच्या यादीत माझं नाव लाल

तीर्थस्वरूप ताईला ताइनानहून धाकट्या अ-फाचा नमस्कार. गुडघा कसा आहे? तुझ्या जीलोंगला पाऊस थांबत नाही म्हणतात, म्हणून विचारतो. आईच्या श्राद्धाला तू मला चारचौघांत घाबरट म्हणालीस तेव्हापासून आपलं बोलणं बंद आहे, हे मी विसरलेलो नाही. पण लिहिणंही बंद, असं काही ठरलं नव्हतं.

ताई, माझं डोकं चालेनासं झालं आहे. देवळात ज्याच्या त्याच्या नावाने लावायच्या नववर्षाच्या दिव्यांची नोंदणी चालू आहे. (वही गेली, आता कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी असते.) माझी नात यी-छुन हिने जावास्क्रिप्टमध्ये काहीतरी लिहिलं आहे; एक ओळ टाइप केली की सगळी नावं सरसर खाली येतात. सगळी पांढरी. देवळाचे अध्यक्ष ख-रेन म्हणाले, "पोरी, कुणाची माहिती अपुरी आहे ते कळत नाही. जरा रंग घाल." तिने घातला. नावाआधी एक न दिसणारी खूण टाकली की पुढचं लाल होतं, आणि नाव संपल्यावर दुसरी खूण टाकून रंग बंद करावा लागतो. (नळासारखं असावं. मला नीट उमगलेलं नाही.)

ती बंद करायला विसरली. माझं नाव लाल, आणि माझ्याखालची एकशे बारा माणसंही लाल! जिवंत माणसाचं नाव कुणी लाल लिहितं का? ख-रेन मटकन खाली बसले. "अगं, सगळ्या गावाला एकदम वर पाठवतेस काय?" मला मात्र थोडा धीर होता. जायचंच तर सोबत भरपूर होती.

पोरीने हसत हसत दुरुस्ती केली. यादी पुन्हा आली. सगळे पांढरे. लाल मी एकटा.

मी म्हटलं, "बाई गं, रंग बदल."

"पिवळा करू?"

"पिवळ्या कागदावर मंत्र लिहून भुतं पळवतात!"

"मग पांढरा?"

"पांढरं अंत्ययात्रेला!"

"आजोबा, बाकीचे सगळे पांढरेच आहेत की."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. माशाची पेज तशीच निवली.

तब्येतीला जप.

तुझा,
अ-फा

ता. क. लाल का, ते पोरीने मागाहून सांगितलं. माझ्या जन्मवेळेची जागा रिकामी आहे. मी जन्मलो तेव्हा दाराबाहेर तू उभी होतीस. मध्यरात्रीची उंदराची घटका होती की तिच्यानंतरची बैलाची? (नुसतं 'शुभ वेळ' लिहिलेलं चालतं म्हणे. गेल्या वर्षी तेच लिहिलं आणि मनगट मोडलं.)

आणखी एक. तुझ्या नावानेही दिवा लावायला सांगितला, तर तुझंही नाव लाल आलं. सत्तर वर्षांत मी तुझी जन्मवेळ कधी विचारलीच नाही. टपालाला उशीर होईल, आणि फोन करावा तर बोलणं बंद. तेव्हा गाडीत बस आणि ये. घाबरट म्हणायचं असेल तर समोर बसून म्हण. पेज दोघांची टाकतो.