पान बसवायच्या आधी

रांझी, जबलपूर
७ नोव्हेंबर २०२४

प्रिय बंडूभाऊजी,

सप्रेम जय भीम. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. मनीषाचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, थंडी पडायच्या आधी मेथीचे लाडू करून ठेव, मग नुसतं कण्हत बसून काही होत नाही.

पत्र पाहून तुम्ही हसाल. वहिनीला मोबाइल चालवता येत नाही का, म्हणाल. येतो बाप्पा. पण मी फोन केला की तुम्ही कापता. आणि आपलं घर तुम्हाला माहीत आहे, या खोलीत बोललं की त्या खोलीत ऐकू जातं. म्हणून लिहायला बसली.

काम सुरू आहे. बिलासपूरच्या मोनाची गिटार होत आली. मोना तुम्हाला माहीत नाही, तुम्ही नागपूरला गेल्यानंतरची आहे. तिकडे पोरांना शिकवते, स्वतः पण झकास वाजवते. तिची पेटी शिसमची केली आहे आणि कडेकडेनं हळदूच्या पिवळ्या लाकडाची वेल जडवली. पट्टीवरच्या खुणा शिंपल्याच्या. बरगी धरणावर मासे धरणारे लोक शिंपले आणून देतात, पोतंभर फोडावे तेव्हा ओंजळभर कामाचे निघतात. नर्मदेचा शिंपला घासला की गुलाबी निघतो, बाजारातला पांढराफटक असतो. मोनानं फोटो पाहूनच विचारलं, आंटी, ये रंग लगाया है क्या? मी म्हटलं, रंग लावायचा असता तर इतके डोळे काहून फोडले असते.

समोरची हेमलता मात्र अजून विचारते, काकू, हे इस्त्रीचं टेबल आहे का? तिला दर वेळी सांगते, बाई, ही गिटारच आहे, फक्त मांडीवर न घेता चार पायांवर निजवली आहे. तारांवर लोखंडाची कांडी सरकवायची, खाली पायानं पेडल दाबलं की सळीनं तार ओढल्या जाते आणि सूर वाजता वाजताच वर चढतो. ती म्हणते, मग रडल्यासारखी वाजत असेल. म्हटलं, नीट लागली असली तर रडते, नाही तर केकाटते.

पान अजून बसवलेलं नाही. आपली रीत तुम्हाला काय सांगायची. समोरच्या फळीवर पिंपळपानाची खोबण रिकामी ठेवायची, गिऱ्हाईक येऊन बसलं की तुमच्या दादांनी एकेक पेडल दाबून ऐकायचं, त्यांनी मान हलवली की मी सगळ्यांसमोर पान बसवायचं. एकदा पान बसलं की ती गिटार नारायणरावाची म्हणून जगात जाते. मग त्यांनी तारांना किल्ली लावायची नाही आणि मी पान उचकटायचं नाही. उचकटायला गेलं तर ते तुटतंच.

दादा ठीक आहेत. टीव्ही जरा मोठा लावतात. परवा विहारात नाव पुकारलं तर उठलेच नाहीत, लोकांना वाटलं रागावले. मी म्हटलं, त्यांचं लक्ष नव्हतं. कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी समोर बसून राहतात, वरण करपतं आणि मलाच विचारतात, गॅस काहून बंद नाही केला? आता सूर ऐकताना तळहात पेटीवर टेकवून ऐकतात. गिऱ्हाइकांना ते फार आवडतं, लोक मोबाइलमध्ये काढून नेतात.

मोना पुढच्या रविवारी गिटार न्यायला येणार आहे. तुम्ही त्याच्या आधी या. कारण काहीही सांगा. आपल्या जुन्या लेथचा पट्टा सरकतो, तो पाहायला आलो म्हणा.

इथेच सही करून पाकीट बंद करणार होती. चहा ठेवून आली, पण चैन पडत नाही. तर आता खरं लिहिते.

वर लिहिलं ते खोटं आहे. या खोलीतलं त्या खोलीत काही जात नाही. मी कढई आपटली तरी जात नाही. तुमच्या दादांना ऐकू येत नाही, भाऊजी. जाड तारा हाताला कळतात, आपण समोर बसून बोललं तर ओठांवरून काढतात, पण वरच्या बारीक तारा त्यांच्यासाठी नाहीतच. फॅक्टरीच्या नोकरीत, घणांच्या आवाजात सगळी उमर गेली, आणखी काय होणार. नेपियर टाउनच्या डॉक्टरकडे माझी तपासणी आहे म्हणून फसवून नेलं. कानाचं चित्र भिंतीवर दिसलं तसे उठले आणि ऑटोत जाऊन बसले.

आतापर्यंत मी निभावून नेलं. ते आंघोळीला गेले की मी ती बारकी किल्ली घेऊन वरच्या तारा लावून टाकायची. लग्न होऊन आली तेव्हा मला सा कोणता न् रे कोणता कळत नव्हतं, पण शेजारी बसून शिंपले घासता घासता कान तयार झाला. मोबाइलमधल्या सूर मोजायच्या मशीनवर ताडूनही पाहते, त्यांच्या मागे. त्यांना वाटतं आपण लावलं. मीही वाटू दिलं. माणूस ताठ मानेनं जगतो आहे तर जगू द्यावं, एवढाच माझा हिशोब.

पण या वेळी त्यांनी किल्ली शर्टाच्या खिशात ठेवली आहे. आंघोळीला जातात तरी शर्ट आत नेतात. काहून, ते सांगत नाहीत आणि विचारायची माझी छाती होत नाही. मोनाच्या गिटारीचं तिसरं पेडल दाबलं की दोन तारा मिळून चढायला पाहिजेत. एक बरोबर जाते आणि दुसरी तिच्या डोक्यावर जाऊन बसते. अंगावर काटा येतो. आणि हे पेटीवर हात ठेवून म्हणतात, वा.

तिसरं पेडल म्हटल्यावर तुम्हाला काय आठवलं असेल ते मला माहीत आहे. त्या दिवशी रायपूरवाल्या गिऱ्हाइकासमोर तुम्ही एवढंच म्हटलं होतं की दादा, तिसऱ्या पेडलला वरची तार जास्त चढते. आणि हे सगळ्यांदेखत बोलले, आधी कान धुऊन ये, ज्याले सूर समजत नाही त्यानं पान्याले हात लावू नये. तुम्ही पाना खाली ठेवला आणि नागपूरला निघून गेले. मी तेव्हा आत चहा गाळत होती, मला वाटलं तुमचंच चुकलं असेल, त्यांचा कान म्हणजे कान. ती रायपूरची गिटार मागच्या उन्हाळ्यात सफाईला आली होती. हे घरी नव्हते. मी तिसरं पेडल दाबलं.

तुम्ही बरोबर होते, भाऊजी. हे लिहायला मला चार पानं लागली.

रविवारी मोना बसेल. ती काही हेमलता नाही, तिला कळेल. परक्या बाईनं त्यांना सांगावं, तेही दुकानात, लोकांसमोर? आणि नाही सांगितलं, तर मी पान बसवू कशी? मी सांगितलं तर म्हणतील, तुले काय समजते. तुमचं ऐकतील असं नाही म्हणत. पण तुमच्यासमोर त्यांना नाटक करता येणार नाही. तुम्ही दोघं सारखेच अडेल, दोघांचा मला वीट आला आहे. तरी या.

तुमची वहिनी,
शेवंता


रांझी, जबलपूर
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय बंडूभाऊजी,

जय भीम. मनीषाचा निरोप मिळाला. दादांनी स्वतः बोलावलं तर येतो, असं तुम्ही म्हटलं. वाचून मोबाइल गादीवर फेकला. रागाच्या भरात तुम्हाला काय काय म्हटलं ते लिहीत नाही, मनीषाच्या नवऱ्याला ते बरं दिसणार नाही.

काल मोना आली. सोबत तिचा भाऊ होता, वीरेंद्र, मोबाइल घेऊन सगळं टिपायला. मी सकाळपासून पाहत होती, किल्ली खिशात. पोहे केले तर यांनी खाल्ले नाहीत, नुसता चहा घेतला. नवा सदरा घातला होता. मी दोनदा म्हटलं, आज राहू द्या, मोनाला सांगू पॉलिश वाळलं नाही. माझ्याकडे न बघता म्हणाले, वाळलं आहे.

मोना बसली. पहिलं पेडल, दुसरं पेडल, काही नाही, छान. वेलीवरून हात फिरवून म्हणाली, आंटी, बहुत सुंदर. मग तिनं तिसरं दाबलं. भाऊजी, मी तिच्या तोंडाकडे पाहत होती. तिच्या कपाळाला आठी पडली. तिनं परत दाबलं, हळूच, मग वर पाहिलं ते सरळ माझ्याकडे. मी नुसते डोळे मिटले आणि उघडले. पोरगी समंजस, समजली आणि कांडी खाली ठेवली.

यांनी पेटीवर तळहात ठेवला. तिला म्हणाले, फिर से बजाओ. तिनं वाजवलं. यांनी डोळे मिटले, मान हलवली आणि मला म्हणाले, शेवंता, पान.

पान माझ्या हातात होतं. शिंपल्याचं, त्याच्या शिरा हळदूच्या, केसाएवढ्या बारीक. दिवाळीच्या आधीपासून तेच कापत होती, त्याच्यापायी यंदा फराळसुद्धा बाहेरून आणला. खोबणीत सरस लावलेला होता. सगळे माझ्याकडे पाहत होते. मला वाटलं म्हणून टाकावं, नाही बसवत. पण वीरेंद्रचा मोबाइल सुरू होता आणि यांचा चेहरा इतका खूश होता, असा मी किती दिवसांत पाहिला नव्हता.

मी पान खाली सोडलं आणि त्याच्यावर पाय दिला. चपलेखाली ते कुरकुरलं. चुकून पडलं असं दाखवायला झुकली, तेव्हा दुसऱ्यांदा पाय दिला.

मग ते बोलले. मला इतक्या वर्षांत लोकांसमोर असं कधी बोलले नव्हते. म्हणाले, हात गेले हिचे. आता हिच्या हातात काही देण्यासारखं राहिलं नाही. मी तुकडे वेचत होती, कान तापले माझे. तेव्हा मला कळलं की तुम्ही तो पाना किती हळू ठेवला होता, आत मला आवाजसुद्धा आला नव्हता. मी असती तर फेकून मारला असता. मोना म्हणाली, अंकल, हो जाता है, मैं बाद में ले जाऊँगी, कोई जल्दी नहीं है. जाताना तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

ती गेल्यावर मी भांडी घासायला बसली. म्हटलं, आज बोलायचंच नाही. हे आले आणि मोरीच्या उंबऱ्यावर बसले. खिशातून किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली.

म्हणाले, "बेसुरी हाये ना?"

मी कढई घासतच राहिली.

"तू पान पाडलं नाही. तुझ्या हातून आजपर्यंत काही पडलं नाही. तू पाय दिला, मी पाह्यलं. बेसुरी हाये म्हणूनच दिला ना?"

मी हो म्हणून मान हलवली. मग त्यांनी सांगितलं, भाऊजी. त्यांना माहीत होतं. मी मागून तारा लावते हे त्यांना कधीचं माहीत होतं, किल्ली ठेवल्या जागी नसायची म्हणे. मी विचारलं, मग या वेळी काहून लपवली? तर म्हणाले, "म्हटलं, एक तरी आपल्या कानानं करून पाहावं. थोडंफार उरलं असंल तर समजंल." आणि मग माझ्यावरच चिडले, की तू इतके दिवस सांगितलं काहून नाही. मीही चिडली. म्हटलं, ज्यानं सांगितलं त्याचं काय केलं तुम्ही? कान धुऊन ये म्हटलं. तो गेला, आता मला घालवायचं होतं का?

भांडी तशीच राहिली. मला वाटलं उठून जातील, त्या दिवशी ऑटोत जाऊन बसले तसे. नाही गेले. माझ्या राखेच्या हातांकडे पाहत होते. मग डोळे पुसले, सदऱ्याच्याच बाहीनं, नव्या सदऱ्याच्या. त्यांना रडताना मी बाबूजी वारले तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर काल.

म्हणाले, "बंडूले लिही."

मी विचारलं, काय लिहू? दादांनी माफी मागितली म्हणून लिहू?

"नोको. ते माझं मी म्हणीन, माझ्या तोंडानं. तू म्हणू नोको माझ्याकडून. तू फक्त एवढं लिही का, घरी ये. अन् मी बोललो का जे म्हणायचं असंल ते मोठ्यानं म्हण. शिव्या देशील तं त्याही मोठ्यानं दे. हळू बोलला तं मले काही समजायचं नाही, अन् मी उगाच मान हलवत बसीन."

त्यांनी सांगितलं तसं लिहिलं आहे, माझं एक अक्षर त्यात नाही. त्यांनी बोलावलं आहे, भाऊजी.

वाट पाहणारी,
तुमची वहिनी
शेवंता