वगळलेलं कलम

कुंभार गल्ली, शाहूपुरी,
कोल्हापूर.
गुरुवार, ११ ऑगस्ट २००५

आदरणीय आक्काताईस,
धाकट्या नागसेनचा सप्रेम जयभीम.

इकडं आम्ही तिघंही बरे आहोत. तुझ्या भावजयीच्या पायाला चिखल्या झाल्या होत्या, तू सांगितलेल्या मलमानं उतार पडला. श्रुतीची शाळा सोमवारपासून सुरू झाली. पाणी उतरून दहा दिवस झाले तरी गल्लीचा वास जात नाही. उदबत्ती लावली तर उदबत्तीलाही तोच वास येतो.

तू म्हणशील, रोज फोन होतो आणि हा शहाणा पत्र काय लिहीत बसलाय. आक्का, फोनवर तुझा आवाज आला की माझ्या तोंडून खोटंच बाहेर पडतं. म्हणून लिहितोय. आधी मुद्द्याचं सांगतो. मंगळवारी, झेंडावंदनाच्या दुसऱ्या दिवशी, तू दवाखान्यात स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देणार आहेस, तो देऊ नकोस. नर्सची नोकरी सोडून तू इकडं यायचं आणि आप्पांच्या मागं दोघा बहीणभावांनी मिळून प्रेस वाढवायची, हे आपलं ठरलं होतं खरं. पण ते पुराच्या आधी.

ऑफसेट मशीन अख्खं पाण्याखाली होतं. मिस्त्रीनं दोन तास उघडून बघितलं आणि चहाला न थांबता निघून गेला, तेव्हाच मी समजलो. कागदाची रिमं भिजून इतकी फुगली की लाकडी कपाट आतून फुटलं. गणपती मंडळांची पावतीपुस्तकं बांधून तयार होती, त्यांचा लगदा दारात पडलाय.

तू रोज विचारतेस, "विम्याचा सर्व्हेअर आला का रं?" मी म्हणतो, "येईल की." आक्का, तो येऊन गेला. शनिवारीच. भला माणूस होता, पँट दुमडून गाळात उतरला. मग पॉलिसीचा कागद वाचला, परत एकदा वाचला आणि म्हणाला, "पावणं, ह्यात पूर न्हाय."

मला ते माहीत होतं. माहीत असून मी त्याला बोलावलं. हापिसात कुणाच्या तरी चुकीनं पूर राहून गेला असेल, एवढी वेडी आशा होती.

दोन वर्षांपूर्वी विमा उतरवायचा ठरला, तेव्हा एजंट गणपतराव फॉर्म घेऊन प्रेसवर आले होते. आगीच्या विम्याबरोबर आणखी दोन कलमं येतात, एक दंगलीचं, एक वादळ-पुराचं. नको ते वगळता येतं, हप्ता तेवढा हलका होतो. त्या वर्षी दोन्ही झेपणारी नव्हती. तू फोनवर ओरडून सांगितलंस, "नागू, नदी जवळ हाय, पाण्याचं सोडू नगंस." मी म्हणालो, दोन्ही घेतलीत. गणपतरावसुद्धा हसले, "अवो, हितं कोण दंगल करतंय? पूर ठेवा की." मी त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि पुरावर काट मारली.

गावाकडं दंगल झाली त्या वर्षी तू नर्सिंगला गेली होतीस, मी नववीत होतो. गावातलं आप्पांचं बाइंडिंगचं दुकान पेटवलं, ते तू ऐकलंस, मी बघितलं. आप्पा जळकी पुस्तकं पाटीत भरत होते आणि ओळखीची माणसं हाताची घडी घालून उभी होती. इथं मी 'सम्यक मुद्रणालय' अशी पाटी लावली, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला, आणि त्या दिवसापासून रोज कुलूप घालताना मागं वळून बघत आलोय. मला वाटलं, पाणी काही पत्ता विचारून येत नाही, माणसं विचारून येतात. म्हणून माणसांचा विमा ठेवला.

आणि आली कोण? पाणी कमरेला लागलं तेव्हा समोरच्या तालमीचा नृसिंह चार पैलवान आणि दोर घेऊन आला. श्रुतीला त्यानं खांद्यावर बसवून बाहेर काढलं. मशीनला सगळ्यांनी जोर लावला, ते हललं नाही. तेव्हा त्यानं भिंतीवरचा फोटो उतरवला आणि डोक्यावर धरून छातीएवढ्या पाण्यातून नेला. परवा तोच म्हणाला, "नागसेनदादा, विमा हाय न्हवं? मग तोंड कशाला पाडतायसा?" मी हसलो. त्याला काय सांगणार, की तुझ्याच भीतीनं मी विमा उतरवला होता? आक्का, मशीन गेल्याचं दुःख आहे, पण ही लाज त्याहून मोठी आहे.

प्रेस आता उभी राहत नाही. एक तारखेपासून मी उद्यमनगरात दुसऱ्याच्या छापखान्यात कामाला लागतोय. आपल्या सगळ्या घरात तुझी नोकरी तेवढी कोरडी जागा राहिलीय. तिथून उठू नकोस.

शुक्रवार, दुपार

पत्र पाकिटात घालत होतो, तेवढ्यात तुझा फोन आला. "नागू, सायेब रजेवर चाललेत म्हणून आजच अर्ज दिला बघ! सही होऊन वरबी गेला. सव्वीस वर्षं सुया टोचल्या, आता बास. शाईनं हात काळं करायला येतो मी. सर्व्हेअर आला का रं?"

मी काय बोललो ते तू ऐकलंसच. "येईल की, आक्का."

आता हे पत्र पोस्टात टाकत नाही. उद्याच्या पहिल्या एसटीनं गडहिंग्लजला मीच घेऊन येतो. तुझ्या हातात देईन आणि बाहेर पायरीवर बसेन. तू सावकाश वाच. हाक मारलीस तर आत येईन. नाही मारलीस, तर दुपारच्या गाडीनं परत जाईन. दार लावायला तुला उठावं लागणार नाही, जाताना मीच ओढून घेईन.

तुझ्याशी खोटं बोललेला,
तुझा नागू