वेलीचा तिसरा हिस्सा

अल्लाहच्या नावाने सुरुवात करून, मी शेहजाद कय्युम पिंजारी, वय वर्षे बावीस, शिक्षण बी.एस्सी. दुसरे वर्ष (अर्धवट सोडले), राहणार सावदा, तालुका रावेर, जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. माझ्या हृदयाची एक झडप गळकी आहे, डोके शाबूत आहे. माझे डोके फिरते असे घरात सगळे म्हणतात, पण फिरणे वेगळे आणि बिघडणे वेगळे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. घाई तेवढी आहे, कारण येत्या मंगळवारी धुळ्याला माझे ऑपरेशन आहे.

कागद करायचे कारण असे. दवाखान्यात माझ्याकडून एका फॉर्मवर सही घेतली, की काही बरेवाईट झाले तर आमची जबाबदारी नाही. अब्बा म्हणाले, सगळ्यांकडून घेतात, गपचूप कर. मी सही केली, पण ते डोक्यात गेले. दवाखान्याने आपला कागद करून ठेवला, तर मी माझा करतो.

कलम १. मिळकत. घर अब्बांचे, गाद्यांचे दुकान अब्बांचे, कापूस पिंजायचे मशीनही त्यांचेच. माझी म्हणावी अशी मिळकत एकच, शालिग्राम नानांच्या केळीबागेत ठिबकच्या फिल्टरपाशी पसरलेली ब्राह्मी. तीन वर्षांपूर्वी मूठभर होती, आता तिच्यावर सात खाटा मांडता येतील. तो फिल्टर कायम गळतो, तिथे केळी लागत नाही, म्हणून नानांनी तो कोपरा मला दिला. त्या वेळचे त्यांचे शब्द लिहून ठेवतो, म्हणजे पुढे वाद नको: "जमीन माही, येल तुही. मंग भांडू नको, भो." झडपेचे कळल्यावर ते म्हणाले होते, माहा फिल्टर गळका अन् तू बी गळका, चांगली जोडी जमली. त्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर मी पहिल्यांदा हसलो.

कलम २. निगा. वेल ज्याच्याकडे जाईल त्याच्यासाठी लिहितो. हिला लाड लागत नाहीत. अर्धी सावली, ओली माती, बस. जमिनीवरून दोरे सोडत जाते आणि जिथे गाठ टेकते तिथे मूळ धरते. नवी लावायची तर गाठीसकट दोरा तोडावा, नुसते पान लावून काही होत नाही. पाने कात्रीने घ्यावीत, उपटू नये. लव्हाळा दिसला की खुरप्याने गड्ड्यासकट काढावा, दया करू नये. मे महिन्यात ऊन भाजायला लागले की वर ओले गोणपाट धरावे. आणि गटारीच्या पाण्यावर कधी वाढवू नये. पाण्यात जे असेल ते ही पानात भरून घेते, आणि पाने शेवटी माणसाच्या पोटात जातात. खुरपे, कात्री, गोणपाट वेलीबरोबरच राहतील.

दुपारी मी तिथे खाट टाकून पडतो. केळीच्या पानांतून येणारा उजेड हिरवा होऊन अंगावर पडतो आणि फिल्टरचे थेंब मोजता मोजता डोळा लागतो. मग झोपेत मला वेल चालताना दिसते. कुंपणाखालून जाते, रुळांच्या कडेने भुसावळ, जळगाव, अमळनेर, प्रत्येक स्टेशनवर एक गाठ टेकवते, एक मूळ सोडते, आणि कोणी तिकीट विचारत नाही. शिंदखेडा यायच्या आधी मला जाग येते. रोज तिथेच येते.

कलम ३. जुना हिशेब. कॉलेजचे आणि सरांचे नाव लिहीत नाही. प्रॅक्टिकलला औषधी वनस्पती आणायची होती. मी अम्मीच्या कुंडीतली मूठभर ब्राह्मी नेली. सर म्हणाले, ही ब्राह्मी नव्हे, ही मंडूकपर्णी. ब्राह्मीची पाने बारीक, जाडसर असतात. मी म्हणालो, आमच्या घरी वीस वर्षे हिचेच तेल डोक्याला लावतात. सर म्हणाले, घरी काहीही म्हणत असाल. मला ऐकू आले, की तुझी आई खोटी. मी जर्नल फेकले आणि बाहेर पडलो तो परत गेलो नाही. नंतर वाचले तेव्हा कळले, पुस्तकात दोन झाडे आहेत आणि बाजारात दोन्हींना ब्राह्मीच म्हणतात. सरांचे बरोबर होते, अम्मीचेही. हा राग मी कोणालाही वारसाने देत नाही. तो इथे संपला. सरांना कोणी भेटलेच तर सांगावे, जर्नल फेकायला नको होते.

कलम ४. त्या दिवशी माझी मूठभर वेल टेबलावरच राहिली होती. ती ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून गेटपर्यंत घेऊन आली मिसबाह. वर्गातलीच, शिंदखेड्याची, सावद्यात खालाकडे, म्हणजे मावशीकडे राहून शिकायची. म्हणाली, "नाव काही असू दे. पाणी तर घालावंच लागेल ना?" तीच मूठ मी नानांच्या बागेत लावली. तिचे शिक्षण पूर्ण झाले, ती गावी गेली. अम्मीने तिच्या खालाकडे लग्नाची गोष्ट काढून पाहिली होती. उत्तर आले, मुलाला डिग्री नाही, त्यात दिल की बीमारी. खुद्द मिसबाहला मी कधीच विचारले नाही. विचारायची वेळ आली की छाती इतकी धडधडायची, की ही झडप आहे की मिसबाह, समजायचे नाही.

तरी माझ्यामागे तिच्या दारात माझे काहीतरी असावे, एवढीच इच्छा आहे. मौलानासाहेबांना विचारले. ते म्हणाले, वसीयत तिसऱ्या हिश्शापुरतीच, बाकीचे वारसांचे. म्हणून मी खुंट्या ठोकून, सुतळी बांधून वेलीचे तीन भाग केले. अब्बा बघायला आले आणि म्हणाले, घासफूस की वाटणी पहिल्यांदा पाहिली. आठ दिवसांत वेल सुतळीखालून पलीकडे गेली. मी पुन्हा मोजले, पुन्हा बांधली, पुन्हा गेली. नाना म्हणाले, "येलीले सुतळी समजते का रे?"

तरी लिहितो: वेलीचा पूर्वेकडचा तिसरा हिस्सा मिसबाह, राहणार शिंदखेडा, हिला मिळावा. उरलेली अम्मी-अब्बांची. अम्मीने तेल करणे बंद करू नये.

कलम ५. माझ्या कबरीवर ही लावू नये. तिथे रोज पाणी कोण घालणार.

सहीआधीची दुरुस्ती, शुक्रवार. माझा मित्र मोईज, जो या कागदाचा साक्षीदार आहे, त्याला झेरॉक्स काढायला पाठवले. त्याने कलम ४ चा फोटो काढून मिसबाहला पाठवला. मी दुकानासमोर त्याची कॉलर धरली. तेवढ्यात माझा फोन वाजला. कॉलर धरूनच उचलला.

मिसबाह होती. तिने विचारले, मेल्यावरचा हिस्सा घेणाऱ्याने नाही म्हटले तर काय होते. मी म्हणालो, तर वसीयत पडते.

"मग मी नाही म्हणते."

मोईजची कॉलर सुटली.

"आणि जिवंतपणी दिलं तर?"

त्याला हिबा म्हणतात, मी सांगितले. देणाऱ्याने स्वतःच्या हाताने द्यायचे, घेणाऱ्याने हाताने घ्यायचे. त्याला तिसऱ्या हिश्शाची अट नाही.

"सोमवारी मी धुळ्याला येते, माझ्या अब्बांना सांगून. गाठीसकट आण. ऑपरेशननंतर कशी वाढली ते बघायला तुलाच शिंदखेड्याला यायचंय, मी फोटो पाठवणार नाही." पुढे म्हणाली, "आणि शेहजाद, जे विचारायचं ते मला विचारायचं. खालाला नाही."

सबब कलम ४ मधील मिसबाहच्या हिश्शाचा मजकूर मी माझ्या हाताने खोडला आहे. कारण: घेणारी फक्त जिवंत माणसाकडूनच घेणार म्हणते.

ठिकाण: सावदा
दिनांक: १७ एप्रिल २०२६

लिहून देणार: शेहजाद कय्युम पिंजारी (सही)

साक्षीदार:
१. शालिग्राम बन्सीलाल भंगाळे (सही)
२. मोईज शेख (सही, शर्टाचे वरचे बटण तुटलेले असताना)