सत्यभामाबाईंचे हात

राजापूर, ६ सप्टेंबर १९९८

चि. सौ. तेजस्वीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

हे पाकीट आपल्या शेजारच्या झुलेखाचा मुलगा इद्रीस घेऊन येतोय. रजा संपवून तो कुवेतला अर्दियातल्या गॅरेजात परत निघालाय, तेव्हा शुक्रवारी सालमियाला येऊन देईल. आत आमसुलं आहेत, ती तुझी. खालचे झेरॉक्स कागद आपल्या सर्वांचे.

माळ्यावरच्या पेटीत माझ्या पणजीची, कवयित्री सत्यभामाबाईंची, पत्रं निघाली. पाठवलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल ती ठेवत असे. सगळं मोडीत, आणि या घरात मोडी येणारी तू एकटी. त्या पदवीचा उपयोग कुवेतला शैलेशचे शर्ट मोजण्यापलीकडे व्हावा ही माझी जुनी इच्छा आहे.

डिसेंबरात तिच्या निधनाला शंभर वर्षं होतात. दत्तादादानं समिती केली, अध्यक्ष तोच. देवळात संगमरवरी पाटी लागणार, त्यावर तिची सर्वांना पाठ असलेली ओळ: ‘देव येऊन दारी उभा, हात माझे भक्तीने जोडले.’ पणजोबांनी तिला हाताला धरून अक्षरं कशी शिकवली, यावर दादा पाऊण तास बोलणार आहे. पत्रांत त्याला दुजोरा मिळाला तर तो खूश होईल. नाही मिळाला तर मी होईन.

समिधाला पापा. चूकभूल पदरात घे.
तुझी कमलआत्या

सालमिया, २ ऑक्टोबर १९९८

ती. कमलआत्यास शि. सा. न. वि. वि.

तू खूश होणार आहेस.

तुझ्या पणजीनं पुण्याच्या छापखानेवाल्याला लिहिलेलं पत्र जसंच्या तसं उतरवते: ‘आपण माझ्या कवितेत सुधारणा केली ती पाहिली. मी “शेणाने भरले” असे लिहिले, आपण “भक्तीने जोडले” असे छापले. माझे हात त्या वेळी जोडलेले नव्हते. शेणात होते. खात्री करावयाची असल्यास यावे, अर्धे अंगण आपणांसाठी राखून ठेवते.’

आत्या, शंभर वर्षं आपलं गाव छापखानेवाल्याची ओळ गातंय!

दुसरं पत्र तिच्या बहिणीला: ‘घरचे सांगत सुटले आहेत की यांनी मला अक्षरे शिकविली. एक शिकविले. तेही चुकीचे.’

मी इतकी हसले की शैलेश मॅच सोडून बघायला आला. त्याला वाचून दाखवलं तर म्हणाला, तुमच्या घराण्यात हे वरूनच आलंय तर. समिधाला शेण म्हणजे काय ते समजावलं. तिनं इंग्रजीत नाक मुरडलं. पाच वर्षांत पहिल्यांदा जेवणाच्या टेबलावर कागद पसरलेत, आणि जेवण सोफ्यावर.

एका पानावर शाई पसरलीय. कवितेची पुढची ओळ तिथं आहे, पण ‘बस म्हटले’ एवढंच लागतं.

लोभ आहेच, पत्रही असू दे.
तुझी तेजस्वी

राजापूर, २४ ऑक्टोबर १९९८

चि. सौ. तेजस्वीस अ. आ., वि. वि.

दादाला दाखवलं. आधी तो म्हणाला की हे पत्र दुसऱ्याच कुणा बाईचं असेल. मग म्हणाला, मोडीत कशाचंही काहीही वाचता येतं. शेवटी, कुवेतच्या उन्हानं पोरीचं डोकं फिरलंय. पाटी कोरून झालीय, आणि देवळात शेण लागणार नाही, असा त्याचा निकाल. देवळाची जमीन दर शनिवारी कशानं सारवतात हे मी विचारलं नाही.

थट्टा पुरे. समारंभात मला आभाराचं काम आहे, दोन मिनिटं. पत्र तिथं वाचावं असं मनात आहे. दादापुढे मी आजवर मोठ्यानं बोललेली नाही. शाळेत अडतीस वर्षं शिकवलं, पण राहते त्याच्या घरात. म्हणून तुला एकदाच विचारते: वाचण्यात चूक नाही ना? शंका असेल तर कळव, मी फक्त आभार मानीन. रागावणार नाही.

तब्येतीला जप.
कमलआत्या

सालमिया, १३ नोव्हेंबर १९९८

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि मी सगळे कागद पुन्हा काढून बसले. सात वर्षांत मोडीला हात लावलेला नाही. ‘शेण’चा ‘शे’ भिंग घेऊन इतक्यांदा पाहिला की शेवटी तो बेडूक दिसायला लागला. नको वाचूस, असं लिहूनही ठेवलं होतं.

आज शुक्रवार, इद्रीस तुझ्यासाठी खजूर घेऊन आला. चहा घेताना कागद कसले म्हणून विचारलं, मी ती ओळ वाचून दाखवली. तो हसत म्हणाला, भाभी, ही तर माझी आई अंगण सारवताना म्हणते, तिची आईही म्हणायची. आणि त्यानं पुढची ओळ म्हटली: ‘बस म्हटले ओटीवर, अंगण अजून थोडे उरले.’

मी पसरलेल्या शाईचं पान उघडलं. काय आहे हे कळल्यावर अक्षरं एकेक करून दिसायला लागली. ‘ओटीवर’ आहे. ‘उरले’ही आहे. चहा तसाच राहिला. मी रडले, इद्रीस बिचारा घाबरून बिस्किटं खात बसला.

आत्या, देवाला ओटीवर बसवून ठेवणारी बाई आहे ही. चूक नाही. वाच.

तुझीच
तेजस्वी

राजापूर, ३ जानेवारी १९९९

चि. सौ. तेजस्वीस अ. आ., वि. वि.

वाचलं!

दादाचं भाषण पाऊण तासाचं सव्वा तास झालं. पाटीवरचा पडदा निघाला, टाळ्या झाल्या. मग मी उठले. सर्वांचे आभार मानून झाल्यावर मी त्या छापखानेवाल्याचेही मानले, पणजीचे हात त्यानं परस्पर धुऊन दिल्याबद्दल. आणि पत्र वाचलं.

मग बायकांच्या बाजूला हशा पिकला, तो पुढच्या खुर्च्यांपर्यंत आला. पाहुण्यांनी उपरण्यात तोंड लपवलं. झुलेखाला मी मुद्दाम मागे बसवली होती. तिनं बसल्या जागेवरून दुसरी ओळ म्हटली, आणि चार म्हाताऱ्या तिच्यात मिसळल्या. त्यांनाही येत होती, तेजस्वी! देवळात भक्तीचं म्हणायच्या, घरी शेणाचं.

दादा मंचावरून उतरून थेट घरी गेला. आज नववा दिवस, माझ्याशी बोलत नाही. मीठ हवं असलं तरी मिठाकडे बघतो. वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. पण झोप छान लागते.

पेटीत अजून तीसेक पत्रं आहेत. पाठवते.
तुझी आत्या

राजापूर, ११ फेब्रुवारी १९९९

चि. सौ. तेजस्वीस अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझं वाचन मला आजही मान्य नाही. परंतु आक्षेप घेणाऱ्यानं मूळ कागद स्वतः वाचावा, हे तत्त्व मी आयुष्यभर पाळत आलो. तरी मोडीची मुळाक्षरं मोठ्या अक्षरात लिहून पाठवावीस. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. पाकीट झुलेखाच्या पत्त्यावर पाठव, तिच्याशी बोलणं झालं आहे.

तीस पत्रं उरली आहेत असं कानावर आलं. एवढ्यांत एखादं तरी पणजोबांच्या बाजूचं असेल. ते मला शोधायचं आहे.

कमलला यातलं काही कळवू नये.

तुझा काका,
दत्तप्रसाद

ता. क. हे पत्र टपालात कमलच टाकणार आहे. म्हणून पाकीट दोनदा चिकटवलं आहे.