देवीच्या पाठीवरचा लाल ठिपका

गुरुजी,

सेल गरम झाले आहेत की माझाच हात गरम आहे, हे सकाळपासून कळत नाही. दर थोड्या वेळाने उठतो, सेलची पिशवी तळहातावर घेतो, गालाला लावून बघतो आणि परत ठेवतो. आज संध्याकाळी आमच्या प्रताप नगरातल्या कॉलनीची नवरात्राची मिरवणूक आहे आणि माझी मुलगी देवी होऊन ट्रकवर उभी राहणार आहे. डोक्यावर मी केलेला दिव्यांचा मुकुट असेल आणि कमरेला ही पिशवी. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, पण बल्ब, सेल आणि देव या तिन्ही गोष्टी मी गावच्या शाळेत तुमच्याकडूनच शिकलो. म्हणून ही एवढी भीती दुसऱ्या कोणाला सांगावी हे सुचत नाही.

हौस तुम्हीच लावलेली. रामदासपेठेतल्या ऑफिसातून सुटलो की घरी येऊन पुठ्ठा, बेगड, तार घेऊन बसतो. कधी शाळेच्या नाटकासाठी गदा, कधी गणपतीपुढचं फिरतं चक्र. या वर्षी सीताबर्डीला एका टपरीवर नवीनच दिवे पाहिले. तांदळापेक्षा थोडे मोठे, लाल. टपरीवाला म्हणाला, "एलईडी म्हणतात भाऊ याले. नया माल है. रातभर जाळा, गरमच नाही होत. फक्त संगं एक रेझिस्टन्स लावजा, नाही तं पटकन उडते." गरम होत नाही म्हटल्यावर मी दुसरं काही विचारलंच नाही. मुकुटभर ते बसवले आणि मंडळाच्या लोकांना दाखवायला नेला. ट्यूबलाइटच्या उजेडात ते नुसते पुरळासारखे लाल ठिपके दिसत होते. सगळे जवळ येऊन बघू लागले, आणि त्यातला एक जण म्हणाला, "हे काय गा? देवीलेच देवी आल्या वाटते!" पोट धरून हसले सगळे. मीही हसलो, पण घरी येताना मनातल्या मनात देवीची क्षमा मागितली. थट्टा त्याने केली होती, पण ठिपके मी लावले होते.

मग ते काढले आणि टॉर्चचे बल्ब बसवले. आता मुकुट झगझगीत दिसतो. पण बल्ब करंट खातात, त्यांना मोठे सेल लागतात, आणि मिरवणूक संपल्यावर देवी ट्रकवरून उतरून मंदिरापर्यंत चालत जाणार म्हणून सेल अंगावरच हवेत. साडी नायलॉनची आहे. तिचे केस मोकळे असतील. एवढं माझी झोप उडायला पुरे होतं, तोच परवा मंडळाच्या बायकांनी देवीसाठी कमरपट्टा आणून दिला. पिवळाधमक, चार बोटं रुंद, नुसत्या जरीचा. माझी बायको कौतुकाने म्हणाली, "कसा झकास आहे, पाहा नं!" मी तो उलटा करून आतली बाजू चाचपली, तिथेही जरच. जर म्हणजे शेवटी तारच, हे तुमच्याइतकं आणि माझ्याइतकं कोणाला माहीत आहे?

तुम्हाला आठवत असेल. मला नोकरी लागून मी नागपूरला आलो होतो, तरी नवरात्रात तुम्ही निरोप धाडायचे आणि मी नाटकासाठी गावी यायचो. देवीचं काम माझ्याकडे. तुम्ही पहिल्यांदाच मुकुटात बल्ब बसवले होते. सेल जुन्या उत्तरपत्रिकांत गुंडाळून माझ्या कमरेला बांधले आणि वरून जरीचा पट्टा आवळला. पडदा वर जाण्याआधी म्हणालात, "काही झालं तरी हालू नको. देवी हालत नसते." पडदा वर जातो. तुम्ही मागून तारा जोडता आणि पुढे बसलेलं सगळं गाव एकदम हात जोडतं. बायका उठून येतात, लेकरं माझ्या पायांवर घालतात. आणि माझ्या कमरेला कोणी तापलेला दोरा ओढावा तसं काहीतरी होऊ लागतं. कागद फाटला होता आणि जरीने सेलची दोन्ही टोकं जोडली होती, हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की मी देवी आहे आणि देवी हलत नसते. मी डोळेसुद्धा मिटले नाहीत. तुम्ही विंगेतून माझा चेहरा पाहिला. बायकांमधून वाट काढत तुम्ही आलात आणि दोन्ही हातांनी माझा पट्टा ओढून तोडला. एक म्हातारी ओरडली, "गुरुजी, देवीले हात लावता?" तुम्ही मागे न बघता म्हणालात, "देवी नाही वं माय. माझा पोरगा आहे हा."

नंतर खोबरेल लावताना तुमचं तोंड चालू होतं. "काहून बोलला नाही गा? तोंड नव्हतं का तुले?" मी म्हणालो, "तुम्हीच तं म्हणाले, देवी हालत नसते." तुम्ही खोबरेलाची वाटी खाली ठेवलीत. मग म्हणालात, "चुकलो म्या. भाजलं तं देवीनं बी बोंब मारली पाह्यजे." सकाळी मी एस.टी.त बसलो तेव्हा तुम्ही खिडकीतून तुमची पक्कड माझ्या हातात दिलीत, का ते सांगितलं नाही. तीच पक्कड आज या सेलशेजारी पडली आहे. आणि कमरेवर तो बारीक वण अजून आहे, करदोडा रुतल्यासारखा. माझी मुलगी लहानपणापासून त्याला करदोड्याचाच वण समजत होती.

आज सकाळी तिला साडी नेसवून, मुकुट घालून उभी केली. बल्ब लावले. गुरुजी, माझीच पोर, पण हात जोडावेसे वाटले. बराच वेळ झाला तरी ती पापणी लववेना. मी म्हणालो, "बस झालं आता, हाल थोडी." तर ओठ न हलवता म्हणते कशी, "पाहा तुम्ही बाबा, काहीही होऊ द्या, मी हालणार नाही. देवी हालते का?"

हे वाक्य मी तिला शिकवलं नव्हतं. कदाचित मंडळाच्या लोकांनी सांगितलं असेल, किंवा माझ्या रक्तातूनच आलं असेल. मी मुकुट उतरवला, तिला समोर बसवलं, सदरा वर करून वण दाखवला आणि सगळं सांगितलं. ती ऐकत होती. बायकोही पोळी लाटायची थांबून दारात येऊन उभी राहिली. शेवटी मी म्हणालो, "भाजलं, चटका बसला, नुसतं गरम लागलं, तरी बोंब मारायची."

"ट्रकवरून? एवढ्या लोकांसमोर? मले शरम नाही येणार का?"

"माझ्या गुरुजींचा शब्द आहे बेटा. आता मारून दाखव."

"आता? घरात?"

"आताच."

तिने आधी हळूच "आई गं" केलं. मी म्हणालो, एवढ्याने तर मांजरही वळून बघणार नाही. मग तिने पदर खोचला आणि अशी आरोळी ठोकली की शेजारच्या काकू पिठाच्या हातांनीच धावत आल्या. "काय झालं वं बाई? साप निघाला का?" बायको म्हणाली, "काही नाही. बाप लेकीले बोंबलाले शिकवून राहिला." काकूंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती आता मला जन्मभर पुरेल. पण छातीवरचा दगड थोडा हलला.

थोडाच. कारण मिरवणुकीत ढोल असतील, आणि ढोलांत तिची आरोळी मला ऐकू आली नाही तर? म्हणून जेवण झाल्यावर एक काम केलं. सेल सायकलच्या ट्यूबमध्ये घातले, दोन्ही टोकं बांधली, कमरपट्ट्याला आतून जाड रबर शिवलं. आणि ज्याला सगळे हसले होते, त्या लाल दिव्यांपैकी एक मी ट्रकच्या मागे चालणार म्हणून तिच्या पाठीच्या बाजूला, पट्ट्यावर बसवला, रेझिस्टन्स लावून त्याच सेलवर जोडून. पक्कड मध्ये धरून सेलची टोकं क्षणभर जोडून पाहिली, तर तो लगेच विझला. म्हणजे जोवर तो पेटलेला आहे, तोवर आत ठीक आहे. विझला की मी ट्रकवर चढणार आणि पट्टा तोडणार. मग लोक काय म्हणायचं ते म्हणोत. काय उत्तर द्यायचं ते मला माहीत आहे. पोराच्या जागी पोरगी म्हणायचं, एवढंच.

आतल्या खोलीत तिची वेणी सोडताहेत. बांगड्यांचा आवाज येतो आहे. मी आता पिशवी शेवटची हलवून पाहिली तर सेल ट्यूबमध्ये खुळखुळतात. त्यांच्या आणि ट्यूबच्या मध्ये कागदाची जाड घडी बसवावी लागेल. घरात कोरडा, स्वच्छ कागद हाच आहे, तेव्हा हे लिहिलेलं तिथेच जाईल. तुमच्या उत्तरपत्रिका फाटल्या. हा फाटू नये म्हणून मी वरून रबर लावलं आहे.

एक गोष्ट राहिली. सगळं गाव हात जोडत होतं त्या दिवसापासून मी कुठल्याही देवळात गेलो तरी देवीच्या चेहऱ्याकडे नंतर बघतो. आधी तिच्या कमरेकडे बघतो, तिला कुठे भाजत तर नसेल ना म्हणून. आज तर चेहरा दिसणारच नाही. सगळे पुढून नमस्कार करतील, आणि मी मागे, त्या लाल ठिपक्यापुढे.